सात नंबरच्या बसचे जयसिंगराव

सल्ले देणारी माणसं मला सहन होत नाहीत. मी इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला गणित शिकवते, त्यामुळे दिवसातून चार-पाच वेळा मलाही कुणाला तरी शहाणपण शिकवावं लागतं. पण तो पोटापाण्याचा भाग झाला. हौसेनं, न विचारता, फुकटात सल्ले वाटणारा माणूस दिसला की मी खिडकीबाहेर बघायला लागते. गेली आठ वर्षं मी कॉलेजच्या सात नंबरच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या डाव्या हाताच्या पहिल्या सीटवर बसते. म्हणजे आठ वर्षं मी खिडकीबाहेरच बघते आहे, असं म्हटलं तरी चालेल.

ही बस सकाळी देवनहळ्ळीहून निघते, वाटेत मुलं भरून घेते, येलहंक्याला मला घेते आणि हेब्बाळच्या गर्दीत अर्धं आयुष्य घालवून कॉलेजात पोचते. ती चालवतात जयसिंगराव. वय पन्नाशीच्या पुढे, अंगात खाकी शर्ट, खांद्यावर पांढरा टॉवेल. पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळुरात आले आणि परत जायचं राहून गेलं, असं ते सांगतात. मी निपाणीची. "आम्ही चारशे वरसांपासनं हितं हाय, मॅडम. तुम्ही कालच्या बसनं आलात," हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड आणि माझ्या मराठीत निम्मी निपाणी, त्यामुळे आमचं भांडणसुद्धा दोघांना नीट समजतं.

हा माणूस स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नव्हता. सिग्नल लागला की बोटं स्टिअरिंगवर नाचायला लागायची. हेब्बाळच्या पुलाखाली गाडी अडकली की आरसा पुसायचे, पुसलेला आरसा पुन्हा पुसायचे, दार उघडायचे, बंद करायचे, खाली उतरून चाकं बघून यायचे. ते बघून मलाच थकायला व्हायचं. "जयसिंगराव, बसा की जरा," असं एकदा वैतागून म्हटलं, तर म्हणाले, "बसूनच हाय की हो सकाळपासनं!"

सप्टेंबरात कॉलेज सुरू झालं की यांचा मोसम सुरू व्हायचा. पहिल्या दिवशी संध्याकाळी नवी मुलं बसमध्ये चढली की हे गाडी सुरूच करायचे नाहीत. मधल्या वाटेत उभे राहून आधी कन्नडमध्ये, मग मोडक्या इंग्रजीत, आणि बिहार-बंगालची पोरं असली तर हिंदीत व्याख्यान द्यायचे. मला ते आता पाठ झालं आहे.

"पहिले पंधरा दिवस रोज वेगळ्या पोराशेजारी बसा. सोळाव्या दिवशी जागा पक्क्या होतात, मग चार वर्षं सुटत नाहीत. सीनियरकडनं नोट्स घ्या, अक्कल घेऊ नका. त्यांच्याकडं जास्तीची असती तर ते त्याच विषयाला तिसऱ्यांदा बसले नसते. डबा एकट्यानं खायचा नाही. समजलं नाही तर त्याच दिवशी विचारायचं, दुसऱ्या दिवशी लाज दुप्पट होते. आणि कॉलेजातल्या एका तरी मोठ्या माणसाला तुमचं नाव माहीत पाहिजे. प्रिन्सिपॉल कशाला? लायब्ररीतला अटेंडर चालेल, कॅन्टीनचा भट्ट चालेल, मी चालेन. पण एक माणूस असा पाहिजे, ज्याच्याकडं जाऊन म्हणता येईल की माझं बिघडलंय."

मी खिडकीबाहेर बघत असायचे, पण खरं सांगायचं तर शेवटचं वाक्य आलं की माझे कान टवकारायचे. कारण ते नुसतं बोलणं नव्हतं. एकटं पडलेलं पोर त्यांना आरशात दिसायचं. गिरीराज नावाचा हावेरीकडचा एक मुलगा पहिल्या महिन्यात तिसऱ्या सीटवर तोंड लपवून रडत असायचा, बॅग भरून गावी पळायच्या बेतात होता. जयसिंगरावांनी त्याला बोलावून, रोज संध्याकाळी बसमधली डोकी मोजायचं काम दिलं. डोकी मोजता मोजता त्याला सगळ्यांची नावं पाठ झाली आणि पळून जायचं राहिलं. आता तो बेंगळुरातच एचएसआर लेआउटमध्ये कुठल्याशा कंपनीत आहे आणि दर युगादीला, म्हणजे पाडव्याला, फोन करतो. फोन आला की जयसिंगराव तो सगळ्या बसला ऐकवतात.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या समारंभात तिसऱ्या वर्षाच्या पोरांनी त्यांची नक्कल केली. एक मुलगा खाकी शर्ट घालून, टॉवेल टाकून स्टेजवर आला आणि दर वाक्याला खुर्ची पुसत सल्ले देऊ लागला. हॉल डोक्यावर घेतला सगळ्यांनी. मीही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. जयसिंगराव मागे इतर ड्रायव्हरांबरोबर उभे होते आणि तेही हसत होते. दुसऱ्या दिवशी बसमध्ये ते नेहमीसारखेच वागले, त्यामुळे तो विषय माझ्यापुरता तिथेच संपला.

आता या वर्षीचं सांगते. माझ्या वर्गात चौसष्ट मुलं. त्यांतली वीस माझ्या देखरेखीखाली; त्यांची हजेरी, त्यांचे मार्क, त्यांच्या पालकांशी बोलणं सगळं माझ्याकडे. त्यांत एक होती रक्षिता जे. आमच्या निपाणीकडे आडनाव असतं, इथे मागे नुसतं एक अक्षर लावतात. ते अक्षर वडिलांचं की गावाचं हे विचारायला कुणाला वेळ असतो? बारीक अंगाची, दोन वेण्या घालून येणारी मुलगी. देवनहळ्ळीच्या कन्नड शाळेत शिकलेली. दुसऱ्याच आठवड्यात मी तिला एक प्रश्न विचारला होता. ती उभी राहिली, उत्तर बरोबर सांगायला लागली, पण अर्धं कन्नडमध्ये. मी फळ्याकडे बघत म्हटलं, "इन इंग्लिश, प्लीज." वर्ग हसला. मी पुढच्या प्रश्नाकडे वळले. मला वाटतं, तिनं दार बंद करून घेतलं ते तेव्हाच.

ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत माझे बत्तीस तास झाले होते आणि ती एकोणीस तासांना हजर होती. सत्रात एकूण तास बावन्न. परीक्षेला बसायला एकोणचाळीस लागतात. म्हणजे उरलेल्या वीसपैकी एकही चुकवून चालणार नव्हतं. चुकला की परीक्षा नाही आणि वर्ष गेलं. शिवाय हजेरी कमी असलेल्यांच्या पालकांनी शुक्रवारी चारच्या आत ऑफिसात येऊन सही करायची होती. रक्षितानं पालकांचा म्हणून दिलेल्या नंबरावर मी तीनदा फोन केला. कुणी उचलला नाही. मी चिडून वहीत तिच्या नावासमोर लाल खूण केली आणि मनात म्हटलं, आईबापांनाच पडलेली नाही तर मी कशाला जीव जाळू?

त्या मंगळवारी चाचणीचे पेपर मी बसमध्येच विसरले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणायला गेले. सकाळी पोरांना उतरवलं की बस मागच्या आवारात दिवसभर उभी असते आणि जयसिंगराव कॉलेजच्या पाहुण्यांना गाडीतून विमानतळावर ने-आण करतात. ट्रान्सपोर्ट ऑफिसातून आणलेल्या चावीनं पुढचं दार उघडून मी वर चढले, तर शेवटच्या सीटवर, खिडकीच्या खाली डोकं घालून कुणीतरी बसलं होतं. मांडीवर गणिताचं पुस्तक, शेजारी उघडा डबा. रक्षिता जे.

"इथे काय करतेस?" मी इंग्रजीत ओरडले. ती ताडकन उठली. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि घाबरून तिनं तो उचललाच. "हां आई. जेवले. क्लास चालू होतोय, ठेवते." मराठीत. माझ्या मराठीसारखी नव्हे, पण मराठीतच.

मी तिच्यासमोरच्या सीटवर बसले. राग कुठे गेला कुणास ठाऊक. "तू मराठी आहेस? आणि बस कुणी उघडून दिली?"

"मागच्या दाराची कडी बसत नाही नीट. अप्पा घरी रोज कुरकुर करतात, ऑफिसवाले दुरुस्त करत नाहीत म्हणून," ती म्हणाली आणि मग तिनं जीभ चावली. पण बोलून गेली होती. जे म्हणजे जयसिंगराव.

आठ वर्षं मी या माणसाशेजारी बसते. त्यांच्या बायकोला, रत्नाबाईंना, संधिवात आहे हे मला माहीत. देवनहळ्ळीच्या किल्ल्यातल्या त्यांच्या घराचं छप्पर कधी बदललं हे माहीत. मुलगी बारावी झाली हेही माहीत होतं. पुढे काय, असं विचारलं तेव्हा "घेतलंय कुठंतरी इंजिनिअरिंगला" म्हणून त्यांनी आरसा पुसायला घेतला होता.

"त्यांच्या बसनं येत नाहीस तू?"

"अप्पांनी सांगितलंय, सरकारी बसनं ये. कॉलेजात मला ओळख द्यायची नाही. कुणी विचारलं तर बाप शेती करतो म्हणून सांग." ती डब्याचं झाकण लावत होती, ते लागत नव्हतं. "अप्पांना माझी लाज वाटते, मॅडम. मला ॲडमिशनच्या शेवटच्या फेरीत सीट मिळाली ना. त्यांची बसमधली पोरं हुशार असतात."

मग तिनं हात जोडले. अप्पांना सांगू नका, मी उद्यापासून एकही तास चुकवणार नाही, सहीसाठी मामांना घेऊन येते, तो नंबर त्यांचाच आहे. मी कबूल झाले. वाटलं, पोरगी स्वतःहून उठते आहे तर उठू दे. त्या संध्याकाळी बसमध्ये जयसिंगराव नव्या पोरांना सांगत होते, अरे, मनातलं बोलावं माणसानं, घरी बोलावं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! माझ्या जिभेवर आलं होतं, पण मी शब्द दिला होता. मी येलहंक्यापर्यंत खिडकीबाहेर बघितलं आणि मला काहीही दिसलं नाही.

बुधवारी ती आली. शेवटच्या बाकावर बसली, पण आली. मला फार बरं वाटलं आणि तिथेच माझी चूक झाली. गुरुवारी मी तिला फळ्यावर बोलावलं. गणित सोपं होतं, तिला येणारं. तिच्या वहीत मी ते बरोबर सोडवलेलं पाहिलं होतं. म्हटलं, चारचौघांत एकदा जमलं की भीती मोडेल. ती खडू घेऊन उभी राहिली. हात वर गेला, पण फळ्याला टेकला नाही. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "कन्नडा मीडियम," आणि दबलेलं हसू आलं. तिनं खडू ठेवला, जागेवर जाऊन बसली आणि तास संपेपर्यंत बाकाकडे बघत राहिली. मी सल्ला दिला नव्हता, पण त्याच्याहून वाईट केलं होतं: तिच्या भल्याचं मीच परस्पर ठरवलं होतं.

संध्याकाळी घरी पोचले तर तिचा निरोप. "मॅडम, मी उद्यापासून येणार नाही. मामा पण येणार नाहीत. अप्पांना सांगू नका."

मी फोन केला, बंद. मग मी घरात येरझाऱ्या घालायला लागले. कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायला विसरले. सांगावं तर शब्द मोडतो आणि पोरगी बिथरून काय करेल सांगता येत नाही. न सांगावं तर उद्या अकराच्या तासाला तिचं वर्ष जाणार, आणि बाप तिथून तीनशे पावलांवर गाडी पुसत असणार. मी वर्गात पाचशे वेळा सांगितलं असेल की गणितात दोन्ही बाजू समान असतात. इथे दोन्ही बाजू सारख्याच वाईट होत्या. सकाळी उठले तेव्हा ठरलेलं होतं. शब्द मोडायचा.

येलहंक्याला बसमध्ये चढले आणि जागेवर बसता बसता बोलून टाकलं. कॉलेजपर्यंत थांबले असते तर माझा धीर सुटला असता. मराठीत बोलत होते, त्यामुळे पोरांना कळायचं भय नव्हतं. "जयसिंगराव, रक्षिता माझ्या वर्गात आहे. ती तासांना बसत नाही. दिवसभर तुमच्या बसमध्ये मागे बसून असते."

त्यांची बोटं स्टिअरिंगवर थांबली. मी सगळंच सांगितलं. एकोणीस तास, शुक्रवारची सही, फळा, निरोप. आणि शेवटी तेही: "तिला वाटतं, तुम्हाला तिची लाज वाटते."

पुढचा थांबा आला आणि गेला. रस्त्याकडेला उभी असलेली पाच-सहा पोरं हात हलवत मागे राहिली. "अण्णा, स्टॉप! स्टॉप!" मागून गलका झाला. जयसिंगरावांनी बस बाजूला घेतली, पोरं धावत येऊन चढली. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा एकही थांबा चुकला नव्हता.

कॉलेजात पोचल्यावर त्यांनी घरी फोन लावला. रत्नाबाई म्हणाल्या, ती नेहमीसारखी सातला गेली की. मुलीचा फोन बंदच. मग या माणसानं जी पळापळ सुरू केली, ती बघवत नव्हती. कॅन्टीनच्या मागची पायरी, लायब्ररीतलं कोपऱ्यातलं टेबल, जुन्या वर्कशॉपमागचं चिंचेचं झाड, गच्चीचा जिना. एकटी पोरं जिथे जिथे लपतात त्या सगळ्या जागा त्यांना ठाऊक होत्या. तिथून त्यांनी आजवर कितीतरी पोरं उठवून आणली होती. सगळीकडे जाऊन धापा टाकत परत आले. "नाही हो, मॅडम. कुठंच नाही. आता बस स्टँडवर बघून येतो, देवनहळ्ळीला जातो, काय करू?"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी म्हटलं. "ती कुठे बसते ते सांगितलं ना मी तुम्हाला? घरी जाऊ शकत नाही, वर्गात येऊ शकत नाही. जाईल कुठे? बसमध्ये जाऊन बसा. पण आधी सही करा."

ऑफिसात पुरुषोत्तम नावाचा क्लार्क आहे. त्यानं मान वर न करता म्हटलं, "अण्णा, गाडीची चावी इथं नाही, ट्रान्सपोर्टला द्या."

"चावी नाही. सही कराला आलोय. रक्षिता जे. फादर."

पुरुषोत्तमनं मान वर केली. टेबलाभोवती सात-आठ पोरं उभी होती, त्यांतली तीन सात नंबरच्या बसची. जयसिंगरावांनी कानापर्यंत लाल होत सही केली. सही कन्नडमध्ये, मोठ्या अक्षरांत, चौकटीच्या बाहेर गेलेली. बाहेर आल्यावर भिंतीला हात टेकून मला म्हणाले, "त्या पोरानं माझी नक्कल केली, आठवतंय? मी पण हसलो त्या दिवशी. घरी जाऊन जेवलो नाही. हिचं ॲडमिशन हितंच झालं, तेव्हा म्हटलं, माझ्या लेकीला कुणी त्या विदूषकाची पोरगी म्हणू नये." मी त्या दिवशी किती हसले होते ते मला आठवलं आणि मान वर करवेना.

साडेनऊला ते बसमध्ये जाऊन बसले, मागच्या सीटवर. आमची स्टाफरूम पहिल्या मजल्यावर आहे, खिडकीतून आवार दिसतं. मी एक तास वर्गावर काढला, काय शिकवलं देव जाणे, आणि येऊन खिडकीला चिकटले. ते तसेच बसले होते. आरसा पुसत नव्हते, उतरत नव्हते, बोटं नाचत नव्हती. इकडे मीच पेन उघडत होते, बंद करत होते, घड्याळ बघत होते. दहा वाजून चाळीस मिनिटांनी मागच्या फाटकातून रक्षिता आली. ओढणी डोक्यावरून घेतलेली. इकडेतिकडे बघून तिनं बसच्या मागच्या दाराची कडी उचलली.

मी जिन्यावरून धावले. चाळिशी उलटलेल्या बाईनं साडी नेसून धावू नये, पण धावले. बसपाशी पोचले तेव्हा दार उघडंच होतं. आत जायचा मला धीर झाला नाही.

"कुणी बघेल, अप्पा. जावा तुम्ही," ती म्हणत होती.

"बघू दे."

"तुम्हीच म्हटलं होतं."

"म्हटलं होतं. चुकलं माझं."

मग तिचं रडणं ऐकू आलं, आणि रडता रडता ती भांडायला लागली. जगाच्या पोरांना तुम्ही सांगता, माझ्याकडं या, माझ्याकडं या. मी कुणाकडं जायचं? तुमच्याकडं यायचं नाही म्हणून तुम्हीच सांगितलं. मला काय समजत नाही वर्गातलं, मी कुणाला सांगू? माझी एवढी लाज वाटते तर कशाला घातलं हितं?

"तुझी नाही गं," जयसिंगराव म्हणाले. "माझीच लाज वाटाची मला."

ती रडायची थांबली. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण अकराला नऊ मिनिटं होती. मी दारावर टकटक केली. "भांडण संध्याकाळी पुरं करा," मी म्हटलं. "उपस्थिती अकराला घेते मी, आणि पाच मिनिटांनंतर आलेल्याला देत नाही."

रक्षितानं तोंड पुसलं. खाली उतरली आणि उभीच राहिली. जयसिंगरावांनी तिची बॅग आपल्या खांद्यावर घेतली, टॉवेलच्या शेजारी, आणि चालायला लागले. मागून ती, तिच्या मागून मी. तासांमधली सुट्टी होती, सगळं कॉलेज व्हरांड्यात सांडलेलं. खाकी शर्टातला ड्रायव्हर वर्गांच्या मजल्यावर कधी येत नाही, त्यामुळे पोरं वळून बघत होती. त्यांच्या बसमधल्या एका मुलानं विचारलंच, "अण्णा, इकडं कुठं?"

"लेकीला सोडायला आलोय," ते म्हणाले. कन्नडमध्ये म्हणाले, जरा मोठ्यानंच, आणि थांबले नाहीत.

वर्गाच्या दाराशी त्यांनी बॅग तिच्या हातात दिली. ती आत गेली. शेवटच्या बाकावर नाही, मधल्या एका बाकावर एक मुलगी सरकली तिथे बसली. जयसिंगराव दारातून हलेनात. मी डोळे वटारले, तेव्हा दोन पावलं मागे सरकले आणि मग पुन्हा पुढे आले. "मॅडम, राग मानू नका. एक सांगू? स्वल्प हळू शिकवा."

आठ वर्षांत त्यांनी मला दिलेला हा पहिला सल्ला. मी दार लावून घेतलं. पण त्या दिवशी मी हळू शिकवलं, आणि जमेल तिथे कन्नडमध्येही बोलले. माझं कन्नड ऐकून वर्ग हसला, त्यात रक्षिताही होती.

उरलेल्या वीसच्या वीस तासांना ती बसली. एकदा अंगात ताप घेऊन आली, तेव्हा मीच तिला रागावले आणि मीच हजेरी लावली. तिचं सरकारी बसनं येणं सुटलं, सात नंबरच्या बसमध्ये तिला मागे दोन मैत्रिणी मिळाल्या. पहिले काही दिवस पोरांनी तिला "छोटी अण्णा" म्हणून चिडवलं. मग एक दिवस तिनंच एका आगाऊ पोराला सगळ्यांदेखत सीटवर नीट बसायला लावलं आणि चिडवणं थंडावलं. परीक्षा झाली. जानेवारी गेला.

फेब्रुवारीत निकाल लागला तो संध्याकाळी, बस कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडता पडता. सगळ्यांच्या फोनवर एकदमच आला. कुणी ओरडलं, कुणी सीट बडवली, कुणी एकदम गप्प झालं. मी आरशात बघत होते, आणि जयसिंगरावही. मागे रक्षिता फोन डोळ्यांजवळ धरून बसली होती. माझ्या विषयाचे मार्क कुठे अडले असतील याचा मला अंदाज होता. कन्नड शाळेतून आलेल्या पोरीचा पाया घालायचा दीड महिना वाया गेला होता, तो वीस तासांत भरून येत नाही. मैत्रिणीनं काय झालं म्हणून विचारलं, तिनं मान हलवली. जयसिंगरावांची बोटं स्टिअरिंगवर नाचायला लागली. विचारावं की न विचारावं, घरी गेल्यावर विचारावं, की ती सांगेल तेव्हाच ऐकावं, हे सगळं त्या बोटांत दिसत होतं. हेब्बाळचा सिग्नल हिरवा झाला तरी त्यांनी गाडी हलवली नाही, मागचे हॉर्न वाजवायला लागले.

आणि मागून, पन्नास पोरांच्या डोक्यांवरून, स्वच्छ मराठीत आवाज आला.

"अप्पा, मॅथ्समध्ये नापास झाले!"

जयसिंगरावांनी गियर टाकला.

"किती?"

"एकतीस!"

"लागतात किती?"

"चाळीस!"

"बाकीचे?"

"सगळे पास!"

त्यांनी पुलाखालून गाडी काढली, रस्ता मोकळा झाला, तेव्हा एकदा डोळे पुसले आणि टॉवेल परत खांद्यावर टाकला. मग आरशात बघून, मी तिथे नाहीच अशा थाटात म्हणाले, "मग मागं काय बसलीस? मॅडम हितं पुढं हाईत. येलहंका यायला अजून अर्धा तास हाय. ये, विचार त्यांना."

ती उठली, आणि पोरांच्या पायांवरून, बॅगांवरून, चालत्या बसमध्ये सीटांना धरत धरत पुढे यायला लागली.